कॉलेजें बांधणारे बाबासाहेब

गेल्या मृग नक्षत्रांत, मुखेडच्या बाजाराच्या दिवशीं, आमच्या एका खेड्यांतील मंडळीचे एक सभासद अंगावरचा घाम पुशीत आमच्या ओसरीवर येऊन बसले. त्यांचा थोरला मुलगा बारावीच्या परीक्षेंत चांगल्या गुणांनीं उतरला होता, आणि घरांत आनंदापेक्षां काळजीच अधिक शिरली होती. एका नातलगानें त्यांस छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथील नागसेनवनांतल्या मिलिंद महाविद्यालयाचें नांव सांगितलें होतें. दुसऱ्या एका शहाण्या गृहस्थानें त्यांस बजावलें होतें कीं, तें एका समाजासाठीं काढलेलें कॉलेज आहे, तेथील पदवी हलकी ठरेल, तेव्हां मोठ्या नांवाचें कॉलेज पाहावें. भाऊंनीं दोन्ही मतें निमूटपणें ऐकून घेतलीं आणि आम्हांस एवढेंच विचारलें कीं, जें कॉलेज खालीं दाबलेल्या लोकांसाठीं निघालें, तें तेवढ्यानेंच खालच्या प्रतीचें होतें काय?

हा प्रश्न लहान नव्हे. त्या दिवशीं आम्हीं त्यांस थोडक्यांत उत्तर दिलें. पण ज्या पुरुषानें तें कॉलेज बांधलें त्याचें चरित्र या एका प्रश्नाच्या बाजूनें पाहिलें, तर उत्तर अधिक स्पष्ट होतें, असें आम्हांस वाटतें. म्हणून डॉक्टर भीमराव रामजी आंबेडकर यांच्या आयुष्याचा हा एक भाग वाचकांपुढें ठेवितों. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून त्यांस सर्व जग ओळखतें. शाळामास्तरांचा मुलगा, विद्यार्थी, प्रोफेसर आणि कॉलेजांचा संस्थापक म्हणून त्यांची ओळख आमच्या खेड्यांत तितकी नाहीं.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजीं महू येथील लष्करी छावणींत झाला. मूळ गांव रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबडवे. वडील रामजी सकपाळ हे फौजेंत सुभेदार होते व फौजेच्या शाळेंत त्यांनीं शिकविण्याचें काम केलें होतें. त्यामुळें घरांत पुस्तकांस मान होता. घराबाहेर मात्र निराळाच न्याय. साताऱ्याच्या शाळेंत हा मुलगा घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसे. तहान लागली तर नळास हात लावण्याची त्यास मोकळीक नव्हती. शिपाई हजर असेल तर पाणी मिळे, नसेल तर दिवसभर तसेंच राहावें लागे. पुढें मुंबईस संस्कृत शिकण्याची त्याची इच्छा होती, पण ती भाषा त्यास नाकारण्यांत आली व फारसी घ्यावी लागली. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा संबंध येणार आहे.

सन १९०७ सालीं ते मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर नांवाच्या गुरुजींनीं या मुलाची हुषारी पारखली, स्वतः लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र त्यास भेट दिलें, आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे त्याच्यासाठीं शब्द टाकिला. महाराजांच्या दरमहा पंचवीस रुपयांवर एल्फिन्स्टन कॉलेजांतील शिक्षण पार पडलें. सन १९१२ च्या परीक्षेंत ते बी. ए. झाले. पुढील वर्षीं त्याच महाराजांनीं दरमहा साडेअकरा पौंडांप्रमाणें तीन वर्षांची स्कॉलरशिप देऊन त्यांस अमेरिकेंत न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत धाडलें. केळुसकर गुरुजी अस्पृश्य नव्हते आणि महाराजही नव्हते. एका विद्यार्थ्याच्या मागें योग्य वेळीं उभें राहण्याचें काय फळ मिळतें, याचें याहून मोठें उदाहरण आमच्या तरी माहितींत नाहीं.

येथें वाचकांस थोडें अमेरिकेकडे वळविणें जरूर आहे. त्या देशांत सन १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली, आणि लक्षावधि काळे लोक मोकळे झाले. पण दक्षिणेंतील संस्थानांत गोऱ्या लोकांच्या कॉलेजांचीं दारें त्यांस बंदच राहिलीं. पूर्वींच्या मराठी लिखाणांत या लोकांस निग्रो म्हणत. आतां तो शब्द त्यांस आवडत नाहीं, म्हणून आम्हीही तो वापरीत नाहीं. त्यांच्यासाठीं मिशनऱ्यांनीं, त्यांच्या स्वतःच्या मंडळ्यांनीं व सरकारनें निराळीं कॉलेजें काढिलीं. नॅशव्हिल येथील फिस्क हें सन १८६६ मध्यें अमेरिकन मिशनरी असोसिएशननें काढलेलें. तें पैशाअभावीं बंद पडण्याच्या बेतास आलें, तेव्हां सन १८७१ मध्यें तेथील थोडे विद्यार्थी व विद्यार्थिनी गांवोगांव गुलामगिरींतलीं भक्तिगीतें गात निघाल्या, पुढें समुद्रापार इंग्लंडापर्यंत गेल्या, आणि त्या गाण्याच्या पैशांवर कॉलेजाची मोठी इमारत उभी राहिली. ज्यांच्या मंडळींत भजनाशिवाय सभा होत नाहीं, अशा आमच्या वाचकांस ही हकीकत विशेष गोड लागेल.

परंतु या कॉलेजांनीं शिकवावें काय, याविषयीं काळ्या लोकांच्या दोन पुढाऱ्यांत मोठा वाद पडला. बुकर वॉशिंग्टन हे स्वतः गुलाम म्हणून जन्मलेले. त्यांनीं सन १८८१ मध्यें टस्कीगी येथें शाळा काढिली. तेथें विद्यार्थी स्वतः विटा पाडीत, सुतारकाम व शेती शिकत. त्यांचें म्हणणें असें कीं, प्रथम हाताला धंदा द्यावा, पोट भरावें, मान मागाहून येईल. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस हे फिस्क येथें शिकून पुढें हार्वर्ड विद्यापीठाचे डॉक्टर झालेले. त्यांचें म्हणणें उलट: ज्या समाजांत वरच्या विद्येचा कोणीच नाहीं, त्यास धंद्याच्या शाळेसाठीं मास्तरही परक्याकडून मागावा लागतो, आणि मतदानाचा हक्क व मान सोडून दिलेल्या मनुष्याजवळ धंद्यानें मिळविलेली पुंजीही फार दिवस टिकत नाहीं. आमच्या देशांतही मिशनांच्या बोर्डिंगांत सुतारकाम व शिवणकाम शिकवावें कीं इंग्रजी व गणित, यावर पुष्कळ चर्चा झालेली आहे. धंद्याचें शिक्षण देणाऱ्यांनीं कमी प्रेमानें काम केलें असें आम्ही म्हणणार नाहीं. पण सुताराच्या मुलानें सुतारच व्हावें हें गांवानें ठरवावें आणि मिशनानें त्यास रंधा घेऊन द्यावा, यांत गांवाचाच हुकूम एका परीनें पाळला जातो, ही गोष्ट पुष्कळ उशिरां लक्षांत आली.

बाबासाहेब सन १९१३ पासून १९१६ पर्यंत न्यूयॉर्क येथें होते. काळ्या लोकांची मोठी वस्ती वसूं लागली होती तो हार्लेमचा भाग त्यांच्या विद्यापीठास लागूनच आहे, आणि बुकर वॉशिंग्टन सन १९१५ च्या नोव्हेंबरांत वारले तेव्हां बाबासाहेब त्याच शहरांत अभ्यास करीत होते. तेथील वादापैकीं किती त्यांच्या कानावर गेलें हें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण पुढें त्यांनीं स्वतःच्या लोकांसाठीं जी वाट धरली, ती डु बॉइस यांच्या वाटेच्या फार जवळून जाते.

ती वाट मात्र त्यांनीं एकदम धरली नाहीं. सन १९१७ मध्यें ते बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तों कचेरींतील शिपाई कागद दुरून टाकीत, आणि राहावयास सबंध शहरांत जागा मिळेना. पारशांच्या एका उतारगृहांत जात लपवून राहिले, तेथूनही लोकांनीं त्यांस काठ्या घेऊन बाहेर काढिलें. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत ते प्रोफेसर झाले, तर तेथील कांहीं सहकाऱ्यांस त्यांचा हात पाण्याच्या भांड्यास लागलेला खपेना. या अनुभवांतून एखादा मनुष्य शिक्षणावरचा विश्वासच गमावून बसला असता. बाबासाहेब पैसे जमवून पुनः लंडनास गेले, तेथील डॉक्टरीची पदवी व बॅरिस्टरी घेऊन सन १९२३ मध्यें परतले. पुढील वर्षीं त्यांनीं बहिष्कृत हितकारिणी सभा काढिली, आणि सभेनें सोलापुरास मुलांसाठीं बोर्डिंग उघडलें. सन १९२७ मध्यें महाड येथें चवदार तळ्याचें पाणी पिण्याचा हक्क त्यांनीं बजावला. मध्यंतरीं ते कायद्याच्या सरकारी कॉलेजांत शिकवीत, व सन १९३५ मध्यें त्या कॉलेजाचे प्रिन्सिपाल झाले. हा सर्व काळ आम्ही येथें ओलांडून जातों. त्यावर पुष्कळ पुस्तकें आहेत.

आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें महत्त्वाचें वर्ष १९४२. त्या वर्षीं ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलाचे सभासद झाले आणि थोड्याच महिन्यांत त्यांनीं सरकारास अस्पृश्यांच्या तक्रारींचें एक निवेदन लिहून दिलें. त्यांत त्यांनीं दाखविलें कीं, सरकार अलीगडच्या मुस्लिम विद्यापीठास व बनारसच्या हिंदु विद्यापीठास दरसाल प्रत्येकीं तीन लक्ष रुपये देतें, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठींच तिजोरी रिकामी कां? प्राथमिक शाळा वाढाव्या हें तर त्यांस हवेंच होतें. पण गांवच्या शाळेंत चार बुकें शिकलेला मुलगा तलाठ्याच्या कचेरींतील अन्याय थांबवूं शकत नाहीं. तो अन्याय थांबविणारा अधिकारी, वकील, इंजिनियर, प्रोफेसर आपल्यांतून निघाला पाहिजे, आणि त्यासाठीं कॉलेज पाहिजे, विज्ञानाची शाखा पाहिजे, परदेशीं जाण्याची सोय पाहिजे, असा त्यांच्या निवेदनाचा रोख होता. त्यानंतर थोड्याच काळांत हिंदुस्थान सरकारनें अस्पृश्य विद्यार्थ्यांस मॅट्रिकपुढील शिक्षणासाठीं स्कॉलरशिपा सुरू केल्या. आज खेड्यांतील मुलगा ज्या फ्रीशिपचा अर्ज भरतो, तिचें मूळ शोधीत गेल्यास त्या निवेदनापर्यंत जावें लागतें.

८ जुलै १९४५ रोजीं त्यांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, आणि २० जून १९४६ रोजीं मुंबईस सिद्धार्थ कॉलेज उघडलें. नोकरी करणाऱ्या गरीब मुलांस कचेरी गांठतां यावी म्हणून तेथें सकाळचे वर्ग ठेविले. त्याच सुमारास त्यांनीं अमेरिकेंतील डु बॉइस यांस पत्र लिहिलें. अमेरिकेंतील काळ्या लोकांनीं संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला होता त्याच्या प्रती त्यांनीं मागविल्या, आणि दोन्ही समाजांच्या स्थितींतील सारखेपणा दाखविला. डु बॉइस यांचें सहानुभूतीचें उत्तर जुलै संपण्यापूर्वीं लिहून निघालें. ज्या महिन्यांत कॉलेज उघडलें त्याच्याच पाठोपाठ हें पत्र जावें, हा योग आम्हांस मोठा बोलका वाटतो.

आतां मुख्य गोष्ट. सिद्धार्थ कॉलेजाच्या प्राचार्यपदासाठीं बाबासाहेबांनीं कोणास बोलाविलें? प्रिन्सिपाल गजेंद्रगडकर यांस, म्हणजे संस्कृतच्या एका नांवाजलेल्या ब्राह्मण पंडितास. ज्या मुलास शाळेंत संस्कृत नाकारलें होतें, त्यानें मोठेपणीं आपल्या कॉलेजाच्या किल्ल्या संस्कृतच्या पंडिताच्या हातीं दिल्या. यास कोणी क्षमा म्हणेल. आमच्या मतें त्यांत क्षमेपेक्षां हिशोब अधिक होता: माझ्या मुलांस उत्तमांतला उत्तम शिक्षक मिळाला पाहिजे, तो कोणत्या घरांत जन्मला हें पाहण्याची चैन मला परवडत नाहीं, असा तो हिशोब. आणि कॉलेजाचें दारही एका जातीपुरतें नव्हतें; कोणत्याही जातीच्या व धर्माच्या मुलास तेथें प्रवेश होता.

मराठवाड्याची स्थिति तर मुंबईहून फारच निराळी होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा सर्व मुलूख निजामाच्या राज्यांत होता. सन १९५१ च्या खानेसुमारींत हैदराबाद संस्थानांत शंभरांत दहा माणसेंही साक्षर निघालीं नाहींत. वरचें शिक्षण उस्मानिया विद्यापीठांत, आणि तेंही उर्दूंतून; म्हणजे मुखेडच्या मराठी मुलानें प्रथम भाषा बदलावी, मग विद्या शिकावी. ज्यास गांवांत पाण्याच्या आडावर जाण्याची बंदी होती, त्यानें तर कॉलेजाचें नांवही काढूं नये. अशा मुलखांत, राज्यघटना अमलांत येऊन सहा महिने झाले नाहींत तोंच, सन १९५० च्या जूनमध्यें बाबासाहेबांनीं औरंगाबादेस कॉलेज सुरू केलें. त्याच वर्षीं नांदेडलाही स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकारानें पीपल्स कॉलेज निघालें. तेव्हां सन १९५० हें आमच्या भागाच्या विद्येचें पहिलें पान म्हटलें तर चुकणार नाहीं.

१ सप्टेंबर १९५१ रोजीं राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्तें इमारतीचा पाया घातला गेला. बाबासाहेब तेव्हां केंद्र सरकारचे कायदेमंत्री होते, प्रकृति ढासळत चालली होती. तरी ते औरंगाबादेस येऊन राहत व बांधकामावर स्वतः नजर ठेवीत. कॉलेजास पुढें मिलिंद हें नांव मिळालें. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा. त्यानें नागसेन नांवाच्या भिक्षूस एकामागून एक प्रश्न विचारले, आणि समाधान झालें तेव्हां मानलें, अशी बौद्धांच्या पाली ग्रंथांत कथा आहे. कॉलेजास प्रश्न विचारणाऱ्या राजाचें नांव आणि ज्या माळावर कॉलेज उभें राहिलें त्यास उत्तर देणाऱ्या भिक्षूचें नांव, नागसेनवन. येथेंही पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस हे अस्पृश्य समाजांतील नव्हते. ते विद्वान तर होतेच, पण विद्यार्थ्यांसाठीं त्यांनीं नाटकही लिहिलें. जवळ वसतिगृहें बांधलीं, कारण नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांतील मुलांस शहरांत भाड्यानें खोली कोण देणार? त्या काळीं आमच्या बाजूचा मुलगा नांदेडपर्यंत बैलगाडीनें वा मिळेल त्या वाहनानें जाई, आणि तेथून लहान रुळांच्या गाडीनें परभणी, जालना करीत औरंगाबादेस पोंचे. बरोबर एक वळकटी व भाकरीचें गांठोडें, इतकीच शिदोरी.

ज्या गृहस्थांनीं आमच्या भाऊंस तें एका समाजाचें कॉलेज म्हणून भिवविलें, त्यांचें म्हणणें या हकीकतीवरून कसें ठरतें? तें कॉलेज कोणासाठीं निघालें हें खरें. पण कोणासाठीं निघालें यावरून काय शिकविलें जातें हें ठरत नाहीं. दुसरीही बाजू आम्ही लपवीत नाहीं. कांहीं मंडळी अशीं आहेत कीं, संस्थेचा हेतु थोर म्हटला कीं तिच्या ग्रंथालयाकडे, प्रयोगशाळेकडे, वर्गावर शिक्षक येतो कीं नाहीं इकडे पाहणें त्यांस अपमान वाटतो. बाबासाहेबांस तसें वाटलें नसतें. ज्या मनुष्यानें पुस्तकांसाठीं दादरला घर बांधलें आणि आपल्या ग्रंथसंग्रहांतील पुष्कळ पुस्तकें सिद्धार्थ कॉलेजाच्या स्वाधीन केलीं, तो हेतूच्या नांवावर रिकामें कपाट खपवून घेणारा नव्हता. त्यांच्या मागें सोसायटीच्या कारभाराविषयीं तिच्या पुढाऱ्यांत वर्षानुवर्षें वाद चालले, हें सर्वश्रुत आहे, आणि त्याचा ताप विद्यार्थ्यांस झाला नसेल असें म्हणवत नाहीं.

आमच्या मिशनांसही त्यांनीं सोडिलें नाहीं, हें सांगितल्यावांचून हें चरित्र प्रामाणिक होणार नाहीं. त्यांच्या मागें राहिलेल्या व मृत्यूनंतर छापलेल्या लिखाणांत त्यांनीं असा आक्षेप घेतला आहे कीं, मिशनांनीं शाळा, कॉलेजें व दवाखाने यांवर अमाप पैसा खर्च केला, परंतु कॉलेजांचा लाभ मुख्यतः वरच्या जातींच्या मुलांनीं उठविला, आणि ज्या गरीब अस्पृश्यांनीं ख्रिस्ती धर्म पत्करला त्यांचीं मुलें मागेंच राहिलीं. ही टीका वाचतांना आम्हांस बरें वाटलें नाहीं. पण शहरांतील मोठमोठ्या मिशन कॉलेजांतून आमच्या खेड्यांतील मंडळ्यांचे किती पदवीधर बाहेर पडले, हें बोटांवर मोजूं लागल्यावर राग पुष्कळसा ओसरतो. सन १९३५ मध्यें येवलें येथें धर्मांतराची घोषणा केल्यावर त्यांनीं आमच्याही धर्माचा विचार केला, व अखेर १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. या निर्णयाच्या कारणांत हेंही एक होतें कीं काय, याचा विचार आमच्या पुढाऱ्यांनीं करावा.

शेवटच्या वर्षांत त्यांस एक दुःख होतें, आणि तें त्यांच्या शत्रूंनीं दिलेलें नव्हतें. १८ मार्च १९५६ रोजीं आग्रा येथील सभेंत त्यांनीं उघड सांगितलें कीं, शिकलेले लोक समाजाची सेवा करतील ही आपली आशा फोल ठरली. पुष्कळ जण कारकुनी मिळवून आपलें पोट भरण्यांतच गुंतले, आणि खेड्यांतील मजुरांची दैना तशीच राहिली. म्हणजे ज्या कॉलेजांसाठीं त्यांनीं प्रकृति झिजविली, त्यांचें माप त्यांनीं स्वतः निकालाच्या टक्क्यांनीं घेतलें नाहीं. परत खेड्याकडे कोण पाहतो, या मापानें घेतलें, आणि तें माप उणें भरलें असें त्यांस दिसलें. ६ डिसेंबर १९५६ रोजीं दिल्लींत त्यांचें देहावसान झालें. आम्हांस वाटतें, तो न्याय थोडा घाईचा होता. मिलिंदला तेव्हां अवघीं सहा वर्षें झालीं होतीं.

कारण पुढें जें झालें तें पाहावें. अमेरिकेंत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे तेथें प्राचार्य झाले. तेथील काळ्या लेखकांनीं आपलें दुःख कसें लिहिलें हें त्यांनीं मुलांस सांगितलें. प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांनीं त्याच आवारांतून अस्मितादर्श हें त्रैमासिक चालविलें, आणि गोणपाटावर बसलेल्यांच्या नातवंडांनीं त्यांत कविता व कथा लिहिल्या. २७ जुलै १९७८ रोजीं मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळानें केला, तेव्हां आमच्या नांदेड जिल्ह्यांत दलितांचीं घरें जळालीं, माणसें मारलीं गेलीं. त्या दिवसांच्या आठवणी मुखेडच्या आसपासच्या वृद्धांस विचाराव्या. नांव लागण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडली. त्याच वर्षीं नांदेडला निराळें विद्यापीठ झालें, आणि त्याचे पहिले कुलगुरु जनार्दन वाघमारे हे लातूरकडचे असून त्यांनीं अमेरिकेंतील काळ्या लोकांच्या साहित्यावर मराठींत ग्रंथ लिहिलेला होता. फिस्कचें गाणें असें फिरत फिरत गोदावरीच्या कांठीं आलें.

आमच्या भाऊंस आम्हीं त्या दिवशीं सांगितलें कीं, दोन्ही ठिकाणीं मुलास घेऊन स्वतः जावें. फाटकावरील नांव पाहूं नये. ग्रंथालय किती वाजतां उघडतें व त्यांत मुलें बसलेलीं आहेत कीं नाहींत तें पाहावें, वसतिगृहांतील मुलांस शिक्षकांविषयीं विचारावें, आणि दहा वर्षांपूर्वीं तेथून निघालेले सध्यां कोठें आहेत याची चौकशी करावी. यावर त्यांनीं दुसरा प्रश्न विचारला, आणि तो अधिक अवघड होता: आपण ख्रिस्ती, तर फी माफ होईल काय? सन १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती ठराविक धर्मांपुरत्या राहिल्या. शिखांस त्या १९५६ मध्यें व बौद्धांस १९९० मध्यें मिळाल्या, ख्रिस्ती झालेल्यांस अद्याप नाहींत. महाराष्ट्रांत अशा ख्रिस्ती कुटुंबांची गणना इतर मागासवर्गांत होते. तेव्हां आम्हीं त्यांच्या आजोबांचा शाळेचा दाखला शोधावयास सांगितलें, आणि सोमवारीं मुलास बरोबर घेऊन मुखेडच्या तहसील कचेरींत जातीच्या व उत्पन्नाच्या दाखल्यासाठीं अर्ज दिला.